विश्लेषण : स्मार्ट टीव्ही, कॅमेरा, बल्बसाठी घरात वेगळे वाय-फाय कशाला हवे?

वाय-फायवर चालणारा बल्ब, दारावरचा कॅमेरा, सांगितले की गाणे लावणारा स्पीकर, मोबाइलवरून सुरू होणारा गिझर... अशी उपकरणे आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीत. बहुतेक घरांत ती सगळी एकाच राउटरला जोडलेली असतात. नेट बँकिंगचा मोबाइल आणि कार्यालयाचा लॅपटॉपही त्याच राउटरवर असतो. या दोन गटांना एकमेकांपासून वेगळे ठेवा, असा सल्ला सायबर सुरक्षातज्ज्ञ देतात. तो कशासाठी आणि घरच्या घरी अमलात कसा आणायचा, याविषयी...

एकाच वाय-फायवर असण्यात धोका काय?

बाहेरून आपणहून येणारी जोडणी राउटर सहसा अडवतो. मात्र एकदा वाय-फायचा पासवर्ड दिला, की ते उपकरण ‘घरचे’ ठरते. मग आतल्या आत कोण कोणाशी बोलते, यावर साधा राउटर लक्ष ठेवत नाही. बल्बमधील चिपही लॅपटॉप, प्रिंटर किंवा कुटुंबाचे फोटो साठवलेल्या हार्ड डिस्कचे दार ठोठावू शकते.

स्मार्ट उपकरण हा छोटा संगणकच असतो, पण त्याची काळजी संगणकासारखी घेतली जात नाही. मोबाइल आपण काही वर्षांत बदलतो, भिंतीवरचा कॅमेरा बंद पडेपर्यंत चालतो. त्याच्या कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट देणे थांबवले, तर नंतर सापडलेली त्रुटी तशीच राहते. जुन्या वाड्यात अनोळखी माणसाला ओसरीवर बसवत, थेट माजघरात नेत नसत. वेगळ्या नेटवर्कमागचा विचार तोच आहे.

असे प्रत्यक्षात घडले आहे का?

हो. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची पद्धत साधी होती. कारखान्यातून आलेले, कोणीही न बदललेले साठहून अधिक युजरनेम-पासवर्ड तो एकामागून एक वापरून पाहायचा. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या फौजेने ‘डाइन’ या इंटरनेट सेवा कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अमेरिकेत काही तास विस्कळीत झाली.

उपकरणातून आत शिरण्याचे उदाहरण २०१७ मध्ये ‘डार्कट्रेस’ या सुरक्षा कंपनीने दिले. उत्तर अमेरिकेतील एका कॅसिनोत माशांच्या टाकीचे तापमान पाहणारी यंत्रणा इंटरनेटला जोडलेली होती. हल्लेखोर तिच्यातून कॅसिनोच्या नेटवर्कमध्ये शिरले आणि सुमारे १० जीबी माहिती फिनलंडला पाठवली गेली.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या ‘एफबीआय’ने ‘बॅडबॉक्स २.०’बाबत इशारा दिला. काही स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर आणि डिजिटल फोटोफ्रेममध्ये विक्रीपूर्वीच घातक सॉफ्टवेअर असल्याचे त्यात म्हटले होते. अशा वेळी पासवर्ड बदलूनही उपयोग नसतो, कारण चोर खोक्यातूनच घरात येतो.

वेगळे नेटवर्क म्हणजे दुसरे कनेक्शन घ्यायचे का?

नाही. इंटरनेट कनेक्शन तेच राहते, राउटर त्याचे दोन भाग करतो. दोन्ही भागांतील उपकरणे इंटरनेट वापरतात, मात्र एका भागातून दुसऱ्यात जाता येत नाही. कार्यालयांत यासाठी ‘व्हीलॅन’ हे तंत्र वापरतात. घरासाठी सर्वात सोपा मार्ग म्हणजे ‘गेस्ट नेटवर्क’. ही सोय अनेक राउटरमध्ये आधीपासूनच असते.

ते सुरू कसे करायचे?

राउटरच्या मागील स्टिकरवर त्याचा पत्ता आणि लॉगिन दिलेले असते. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका किंवा कंपनीचे अ‍ॅप उघडा. ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करून वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. ‘मुख्य नेटवर्क पाहू द्यावे का’ अशा अर्थाचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा आणि ‘आयसोलेशन’चा पर्याय असेल तर तो सुरू करा. अनेक स्मार्ट उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून गेस्ट नेटवर्क त्या बँडवर हवे. त्यानंतर टीव्ही, बल्ब, कॅमेरे नव्या नावाला जोडा.

काम झाले का, हे तपासता येते. मोबाइलचा डेटा बंद करून तो गेस्ट नेटवर्कला जोडा. तिथून राउटरचे लॉगिन पान उघडत असेल किंवा मुख्य वाय-फायवरील प्रिंटर दिसत असेल, तर विलगीकरण अपुरे आहे.

आमच्याकडे वाय-फायची दोन नावे आधीच आहेत, ती पुरेशी नाहीत का?

हा सर्वसाधारण गैरसमज आहे. एका नावापुढे २.४ आणि दुसऱ्यापुढे ५ असे लिहिलेले असले, तरी ते फक्त रेडिओचे दोन बँड असतात. आत नेटवर्क एकच असते. नाव वेगळे म्हणजे नेटवर्क वेगळे, असे होत नाही.

दुसरी त्रुटी केबलची. सीसीटीव्हीचा डीव्हीआर बहुधा तारेने राउटरच्या लॅन पोर्टला जोडलेला असतो. गेस्ट वाय-फाय सुरू केले तरी तो मुख्य नेटवर्कवरच राहतो.

मग अशा वेळी काय करायचे?

कपाटात पडून असलेला जुना राउटर कामी येतो, पण क्रम महत्त्वाचा आहे. कंपनीच्या राउटरच्या लॅन पोर्टमधून केबल काढून ती जुन्या राउटरच्या वॅन पोर्टला लावा. डीव्हीआर, टीव्ही, बल्ब बाहेरच्या म्हणजे कंपनीच्या राउटरवर ठेवा आणि लॅपटॉप, मोबाइल आतल्या राउटरवर घ्या. अनेकांना उलटे करावेसे वाटते. मात्र आतल्या राउटरवरून बाहेरच्या नेटवर्कमध्ये जाता येते, बाहेरून आत येता येत नाही. त्यामुळे जे जपायचे, ते आत हवे. जुन्या राउटरला अजून अपडेट मिळतात का, हे मात्र आधी पाहा.

गैरसोय होते का?

थोडी होते. मोबाइलवरील व्हिडीओ टीव्हीवर ‘कास्ट’ करण्यासाठी दोन्ही उपकरणे सहसा एकाच नेटवर्कवर लागतात. त्याऐवजी टीव्हीतील अ‍ॅप वापरता येते. प्रिंटर मुख्य नेटवर्कवर ठेवणे सोयीचे. कंपनीच्या क्लाउडमार्फत चालणारे बल्ब आणि कॅमेरे अ‍ॅपवरून पूर्वीसारखेच चालतात.

वेगळे केले म्हणजे सगळे सुरक्षित का?

नाही. कॅमेऱ्याचे चित्रण इंटरनेटवरून त्याच्या खात्यात जाते. पासवर्ड कमकुवत असेल, तर ते कोणत्या नेटवर्कवरून गेले याला अर्थ राहत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधील एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांचे सीसीटीव्ही चित्रण समाजमाध्यमांवर पोहोचल्याचे उघड झाले. असा प्रकार केवळ वेगळ्या नेटवर्कने थांबत नाही. तसेच दूषित टीव्ही बॉक्स वेगळा ठेवला तरी तो तुमच्या कनेक्शनवरून इतरांवर हल्ले करू शकतो. तो काढून टाकणे हाच उपाय.

नियमही कडक होत आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून स्मार्ट उपकरणांना सर्वांसाठी एकच ठरावीक पासवर्ड देण्यास बंदी आहे. भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक चाचण्या एप्रिल २०२५ पासून सक्तीच्या झाल्या आहेत. मात्र आधीपासून भिंतीवर असलेले कॅमेरे त्यामुळे आपोआप सुरक्षित होत नाहीत.

म्हणून सुरुवात पासवर्डपासून करा. राउटर, डीव्हीआर आणि कॅमेऱ्याच्या खात्याचे मूळ पासवर्ड बदला, सोय असेल तिथे दुहेरी पडताळणी सुरू करा. कॅमेरा बसवणाऱ्या तंत्रज्ञाने ठेवलेला पासवर्ड त्यालाही ठाऊक असतो, हे विसरू नका. राउटरमधील ‘यूपीएनपी’ची गरज नसेल तर ते बंद करा, अपडेट आले की घ्या. त्यानंतर गेस्ट नेटवर्क. या सगळ्यासाठी नवा खर्च फारसा नाही. आणि पाहुण्यांनी वाय-फायचा पासवर्ड मागितला, तर त्यांनाही हाच गेस्टचा द्या. त्यांच्या मोबाइलमध्ये काय आहे, हेही आपल्याला ठाऊक नसते.