सायलेन्सरचा पोचा घरी काढताना 🔧

गाडी पडली की सायलेन्सरच्या बेंड पाईपला हमखास पोचा पडतो. टू-स्ट्रोक गाडीत तो जास्त नडतो. आरएक्स १०० सारख्या ९८ सीसीच्या इंजिनाला सायलेन्सरमधून परतणाऱ्या दाबाच्या लाटांची साथ लागते. आतला आकार बदलला की पिकअप बदलतो.

माझी पद्धत अशी:

१. गाडी पूर्ण गार झाल्यावरच पाईप काढा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडा, नाहीतर स्टड तुटतो.

२. पोच्याच्या मधोमध एक नट वेल्ड करून घ्या. झिंक चढवलेला नको, त्याचा धूर विषारी असतो.

३. नटात लांब बोल्ट बसवून ओढा आणि त्याच वेळी पोच्याच्या कडेवर हलक्या हातोडीने ठोका. पत्रा कडेला ताणलेला असतो. कड सैल झाली की मधला भाग आपोआप वर येतो. हेच खरं कसब!

४. हटत नसेल तर गॅस टॉर्चने मंद लाल होईपर्यंत तापवा. क्रोमचा पाईप तापवू नका, निळा पडतो.

५. वेल्ड केलेला नट कापून कानस मारा, हीट-प्रूफ रंग द्या. पाईप परत बसवताना गॅस्केट नवंच टाका आणि पाईपचे नट आलटूनपालटून आवळा.

⚠️ दोन्ही तोंडं बंद असलेला किंवा आत पाणी असलेला पाईप कधीही तापवू नका. कोंडलेल्या हवेच्या किंवा वाफेच्या दाबाने तो फुटू शकतो.

शेवटी गार इंजिन चालू करून जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले नाहीत, की काम फत्ते!