पक्षाघात : प्रकार, कारणे आणि उपचार

२१ एप्रिल २०२५ रोजी, पास्काच्या सोमवारी सकाळी, पोप फ्रान्सिस यांचे वयाच्या ८८ व्या वर्षी निधन झाले. व्हॅटिकनच्या डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्यात मृत्यूचे कारण म्हणून पक्षाघात, त्यामुळे आलेली बेशुद्धावस्था आणि नंतर बंद पडलेली हृदयक्रिया यांची नोंद आहे. त्यांच्या जुन्या आजारांमध्ये उच्च रक्तदाब व मधुमेह यांचाही उल्लेख त्याच दाखल्यात आढळतो. आपल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील अनेक घरांत हेच दोन आजार गुपचूप वास करून आहेत.

पक्षाघातालाच आपण अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतो. ‘अंगावरून वारे गेले’ असेही गावात म्हटले जाते. वास्तविक या आजाराचा वाऱ्याशी काहीही संबंध नाही. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक खंडित होणे म्हणजे पक्षाघात होय. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूचे व उजवा भाग डाव्या बाजूचे नियंत्रण करतो. त्यामुळे मेंदूच्या एका बाजूस इजा झाली की विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात.

हा केवळ शहरी आजार नव्हे

पक्षाघात हा सुखवस्तू शहरी माणसांचा आजार आहे, अशी समजूत पूर्वी होती. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने ती खोटी ठरविली. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे शोधली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झाले होते. अन्य कोणत्याही एका कारणापेक्षा ही संख्या अधिक होती. त्याहूनही अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे, पक्षाघाताने दगावलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ८७ जणांनी घरीच प्राण सोडला. शेतीभाती, डोंगरपाडे आणि दूरची रुग्णालये हे चित्र शहापूर-मुरबाडकरांना परके नाही.

पहिला प्रकार : रक्तवाहिनी तुंबणे

जगभरातील पक्षाघातांपैकी बहुसंख्य या प्रकारचे असतात. ते साधारणपणे तीन कारणांनी होतात. पहिल्यात, मान किंवा मेंदूतील मोठ्या रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूस वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो, वाट अरुंद होते आणि तेथे रक्ताची गुठळी बनते. दुसऱ्यात, गुठळी हृदयात तयार होते व रक्ताबरोबर वाहत मेंदूत जाऊन अडकते. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या वृद्धांमध्ये, तसेच बालपणी सांधेतापाने हृदयाची झडप खराब झालेल्या तरुणांमध्ये असे घडते. तिसऱ्यात, उच्च रक्तदाब व मधुमेहामुळे मेंदूच्या खोल भागातील अतिसूक्ष्म वाहिन्या बंद पडतात.

एका विशेष प्रकाराची माहिती कुटुंबातील स्त्रियांना असावयास हवी. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत मेंदूतील अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होऊ शकते. बाळंतिणीचे डोके सतत वाढत्या प्रमाणात दुखू लागले, दृष्टी अंधुक झाली किंवा झटके आले, तर तो बाहेरचा प्रकार न मानता तिला तातडीने रुग्णालयात न्यावे.

दुसरा प्रकार : रक्तवाहिनी फुटणे

या प्रकारात मेंदूत रक्तस्राव होतो. तो संख्येने कमी, परंतु अधिक घातक असतो. दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेला रक्तदाब हे त्याचे प्रमुख कारण होय. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १२ एप्रिल १९४५ रोजी याच प्रकारे मृत्यू झाला. त्यांचा रक्तदाब वाढल्याचे डॉक्टरांना ठाऊक होते, परंतु तो आटोक्यात आणणारे परिणामकारक औषध त्या काळी उपलब्ध नव्हते. महासत्तेच्या प्रमुखाला जे मिळू शकले नाही, ते आज प्राथमिक आरोग्य केंद्रात सामान्य माणसाला मिळते. ते नियमितपणे घेणे मात्र आपल्या हाती आहे.

कधी मेंदूभोवतालच्या आवरणाखाली रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटतो. त्या वेळी आयुष्यात कधीही झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी क्षणार्धात सुरू होते, उलट्या होतात, मान ताठरते.

लक्षणे ओळखा

चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एका बाजूच्या हातातील किंवा पायातील शक्ती जाणे, बोबडे बोलणे किंवा शब्दच न सुचणे ही प्रमुख लक्षणे होत. अचानक तोल जाणे, एका डोळ्याने दिसेनासे होणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे हीदेखील धोक्याची सूचना असते. शंका आल्यास रुग्णाला हसावयास सांगावे, दोन्ही हात वर धरावयास सांगावे आणि एखादे साधे वाक्य बोलावयास लावावे. तिन्हींपैकी एक जरी नीट जमले नाही, तरी वेळ दवडू नये.

काही वेळा ही लक्षणे दहा-पंधरा मिनिटांत नाहीशी होतात आणि घरची मंडळी सुटकेचा नि:श्वास टाकतात. परंतु हा मोठ्या पक्षाघाताचा इशारा असतो. पुढील दोन दिवसांत धोका सर्वाधिक असल्यामुळे बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपचार आणि वेळेचे गणित

मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब अमेरिकन मेंदूतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणूनच या आजारात मिनिटाला मोल आहे.

गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग १९९५ साली अमेरिकेतील संशोधनाने सिद्ध झाला. त्या वेळी मर्यादा तीन तासांची होती. २००८ मधील युरोपीय संशोधनानंतर ती साडेचार तासांपर्यंत वाढली. या इंजेक्शनने काही रुग्णांच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून ते तपासणीनंतर रुग्णालयातच दिले जाते. मोठ्या वाहिनीतील गुठळी जांघेतून नळी घालून बाहेर काढण्याची पद्धत २०१५ साली मान्यता पावली. निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंतही उपयोगी पडते, हे २०१८ साली दिसून आले. मात्र जितका उशीर, तितका लाभ कमी.

रक्तस्रावाचा उपचार याच्या नेमका उलट असतो. तेथे रक्तदाब तातडीने पण नियंत्रितपणे खाली आणणे, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उतरविणे आणि आवश्यकतेनुसार शस्त्रक्रिया करणे हे मार्ग आहेत. दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. सीटी स्कॅन केल्याखेरीज फरक कळत नाही. त्यामुळेच घरी अ‍ॅस्पिरिनची गोळी देणे घातक ठरू शकते.

आता वेळेचा हिशेब पाहू. डोळखांबजवळच्या एखाद्या पाड्यावर दुपारी दोन वाजता कोणाचा हात लुळा पडला, तर इंजेक्शनची वेळ साडेसहाला संपते. रुग्णालयात तपासणी व स्कॅनसाठी तासभर धरला, तर साडेपाचच्या आत तेथे पोहोचणे भाग आहे. वाहन शोधणे, खराब रस्ता, महामार्गावरील कोंडी यांतच तीन तास सरतात. भगताकडे किंवा लकव्याच्या औषधासाठी दुसऱ्या गावी गेल्यास उरलेली वेळही जाते. तेलाच्या मालिशीने वा कबुतराच्या रक्ताने मेंदूतील गुठळी विरघळत नाही.

म्हणून ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण शेवटचा व्यवस्थित केव्हा होता, ती वेळ लिहून ठेवावी. त्याला कुशीवर निजवावे. पाणी, चहा किंवा गोळी तोंडात घालू नये; गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते फुप्फुसात उतरते. रक्तदाब वाढलेला दिसला तरी घरी जादा गोळी देऊ नये. चालू औषधांची चिठ्ठी सोबत घ्यावी. रुग्णाभ्यंग संस्कारासाठी धर्मगुरूंना अवश्य कळवावे, परंतु त्यासाठी गाडी थांबवू नये. ते रुग्णालयातही येऊ शकतात.

मुरबाडकरांसाठी कल्याण, शहापूरकरांसाठी कल्याण-ठाणे आणि कसाऱ्याकडील गावांसाठी नाशिक हे पर्याय आहेत. कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन होतो व हे इंजेक्शन दिले जाते, याची चौकशी संकट येण्यापूर्वीच करून ते नाव व क्रमांक घरात भिंतीवर लावावा. धर्मग्रामातील महिला मंडळ वा युवक मंडळाने ही माहिती एकत्र करून चर्चच्या फलकावर लावल्यास मोठी सेवा घडेल.

रुग्णालयातून घरी आल्यावर

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वाधिक वेगाने होते. या काळात फिजिओथेरपिस्टने शिकविलेले व्यायाम दररोज करावेत. लुळ्या हाताला धरून रुग्णाला उठवू नये, खांदा निखळतो. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीस जखमा होत नाहीत. वाचा गेलेल्या माणसाची समज गेलेली असतेच असे नाही. त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलू नये. अनेक रुग्णांना नैराश्य येते व त्यावरही उपचार आहेत. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या सुनेला किंवा पत्नीला शेजाऱ्यांनी आठवड्यातून एक दुपार जरी मोकळी करून दिली, तरी तो मोठा आधार होय.

प्रतिबंध

तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर तपासावी. ‘आता बरे वाटते’ म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणे हे पक्षाघाताला दिलेले आमंत्रणच होय. विडी, तंबाखू आणि मिश्री सोडावी, मद्य टाळावे. लोणचे, पापड व खारवलेली सुकी मासळी यांतून पोटात जाणारे मीठ कमी करावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार नि:शुल्क आहेत.

येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे : शेवटचा रक्तदाब केव्हा मोजला होता? उत्तर आठवत नसेल, तर सोमवारी त्यांना सोबत घेऊन जवळचे आरोग्य केंद्र गाठावे.