अनिवासी भारतीयांचे भांडवल आणि विमानतळावरील स्थानिक नियंत्रण : कोची विमानतळाच्या विशेष संदर्भात

बीजशब्द : अनिवासी भारतीय, भागभांडवल, विमानतळ आधुनिकीकरण, स्थानिक नियंत्रण, केरळ, आखाती स्थलांतर

प्रस्तावना

परदेशी गेलेल्या माणसांनी गावाकडे पाठविलेल्या पैशाचे काय होते, हा प्रश्न अर्थशास्त्रात जुना आहे. घर बांधले जाते, कर्ज फिटते, बहिणीचे लग्न होते, धाकट्या भावाचे शिक्षण पुरे होते. त्रिवेंद्रमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेने १९९८ पासून केरळमधील स्थलांतराची जी सर्वेक्षणे केली, त्यांतून हेच चित्र पुनःपुन्हा समोर आले. उत्पादक गुंतवणुकीकडे वळणारा भाग अल्प असतो. या सर्वसाधारण नियमाला एक ठळक अपवाद केरळातच घडला. कोचीजवळील नेडुंबसेरी येथे १९९९ मध्ये सुरू झालेला आंतरराष्ट्रीय विमानतळ हजारो अनिवासी भारतीयांच्या भागभांडवलातून उभा राहिला. सार्वजनिक व खाजगी सहभागातून बांधलेला तो देशातील पहिला विमानतळ होय.

सदर विमानतळाच्या यशाची वर्णने पुष्कळ झाली आहेत. प्रस्तुत लेखाचा हेतू निराळा आहे. पैसा स्थानिक माणसांचा असला म्हणजे नियंत्रणही स्थानिक होते काय, आणि 'स्थानिक' म्हणजे नेमके कोण, हे तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी

१९७० च्या दशकात तेलाच्या किमती वाढल्यानंतर आखाती देशांत मनुष्यबळाची मागणी वाढली आणि केरळमधून तिकडे मोठ्या प्रमाणावर लोक गेले. त्यांचा मार्ग मात्र दीर्घकाळ मुंबईवरून जात असे. मल्याळी कामगार रेल्वेने मुंबईस येई, भरती करणाऱ्या एजंटाच्या कचेरीत खेटे घाली, लॉजमध्ये दिवस काढी आणि मग सांताक्रूझ-सहारच्या विमानतळावरून विमानात बसे. परतीच्या प्रवासात तोच क्रम उलट. सामानाचे ओझे, सीमाशुल्काची तपासणी आणि पुढे दीड-दोन दिवसांची रेल्वे. आपल्या कोकणातील रत्नागिरी-रायगडचे जे लोक त्याच काळात आखातात गेले, त्यांना मुंबई निदान परकी नव्हती. मल्याळी माणसाला ती परकी होती. स्वतःच्या जिल्ह्यातून थेट उडता यावे ही मागणी या अनुभवातून आली.

कोचीत विमानतळ नव्हता असे नाही. विलिंग्डन बेटावर नौदलाचा विमानतळ होता व तेथूनच नागरी वाहतूक चाले. तेथील धावपट्टी मोठ्या विमानांस अपुरी होती, आणि एका बाजूस बंदर व दुसऱ्या बाजूस खाडी असल्याने विस्तारास वाव नव्हता. (गोव्यातील दाबोळीची स्थिती जाणणाऱ्या वाचकास नौदलाच्या तळावरील नागरी वाहतुकीच्या मर्यादा वेगळ्या समजावून सांगण्याचे कारण नाही.) नव्या विमानतळासाठी केंद्राकडून पैसा मिळण्याची चिन्हे नव्हती. १९९१ च्या आर्थिक संकटानंतरचा तो काळ होता.

भांडवलाची उभारणी

के. करुणाकरन मुख्यमंत्री असताना, १९९३ मध्ये, विमानतळासाठी एक सोसायटी नोंदविण्यात आली. एर्नाकुलमचे तत्कालीन जिल्हाधिकारी व्ही. जे. कुरियन हे या कल्पनेचे प्रवर्तक. आरंभीची योजना साधी होती : अनिवासी केरळीयांकडून बिनव्याजी कर्जाऊ रकमा घ्याव्यात आणि त्यांतून विमानतळ बांधावा. तिला मिळालेला प्रतिसाद अपेक्षेच्या मानाने अगदीच थोडा होता. जन्मभूमीविषयी ओढ असणे आणि तिच्यासाठी परताव्याविना पैसा अडकवून ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

म्हणून १९९४ च्या मार्चमध्ये 'कोचीन इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली. आता देणगीदार वा धनको याऐवजी भागधारक शोधावयाचे होते. राज्य शासनाने भाग घेतले, आखातातील मल्याळी उद्योजकांनी घेतले, आणि सुमारे दहा हजार अनिवासी भारतीयांनी लहान-मोठ्या रकमा गुंतविल्या. त्यांत अनेक सामान्य पगारदार होते. विमानतळावर ज्यांना पुढे व्यवसाय करावयाचा होता अशा संस्थांनाही भांडवलात सामील करून घेण्यात आले. भारत पेट्रोलियम व एअर इंडिया यांचा त्यांत समावेश होतो. उर्वरित रकमेसाठी मुख्यतः हुडकोचे कर्ज घेण्यात आले. एकूण खर्च तीनशे कोटी रुपयांच्या घरात गेला. ३,४०० मीटर लांबीच्या धावपट्टीसह उभ्या राहिलेल्या या विमानतळाचे उद्घाटन २५ मे १९९९ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले.

भांडवल उभारणीचा हा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. अनिवासींचा पैसा एकट्याने पुरा पडला नाही. तथापि त्या पैशाने राज्य शासनाचा हिस्सा आणि संस्थात्मक कर्ज यांना आधार दिला. एवढे लोक स्वतःची बचत घालत आहेत ही गोष्ट कर्ज देणाऱ्यासही महत्त्वाची वाटते. 'अनिवासींनी विमानतळ बांधला' हे लोकप्रिय विधान म्हणूनच अर्धे खरे आहे. राज्याने जमीन संपादित केली, आपला अधिकारी व्यवस्थापकीय संचालक म्हणून दिला, आणि सत्तांतरे होऊनही प्रकल्प सोडला नाही. या तिसऱ्या गोष्टीचे मोल केरळच्या राजकारणाची चुरस जाणणाऱ्यांस कळेल.

मालकी आणि नियंत्रण

या कंपनीच्या घडणीत एक चमत्कारिक समतोल आहे. राज्य शासनाचा हिस्सा सुमारे एकतृतीयांश. तो ५१ टक्क्यांहून कमी असल्याने कंपनी कायद्याच्या अर्थाने ही शासकीय कंपनी नव्हे. परंतु संचालक मंडळाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे असते व व्यवस्थापकीय संचालक हा बहुधा भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी असतो. विशेष ठरावास तीनचतुर्थांश मते लागतात, म्हणजे एकतृतीयांश हिस्सा असलेल्या शासनाच्या इच्छेविरुद्ध मूलभूत बदल होऊ शकत नाही. दुसरीकडे, शासनाला एकट्याने बहुमतही नाही. मंत्रालयाच्या फायलीतून चालणारी संस्था व नफ्यासाठी चालणारी खाजगी कंपनी यांच्या मधली ही जागा आहे आणि कोचीच्या गतीचे बरेचसे श्रेय, माझ्या मते, या जागेला जाते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये हा विमानतळ पूर्णतः सौर ऊर्जेवर चालू लागला व २०१८ मध्ये त्यास संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला. असे निर्णय संचालक मंडळाच्या एका बैठकीत होऊ शकत होते. दिल्लीच्या मंजुरीची वाट पाहावी लागली नाही.

लहान भागधारकाचे स्थान काय? येथे महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांची आठवण होते. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेस जो कारखाना उभा केला, त्यातही हजारो सामान्य शेतकऱ्यांचे भाग होते. परंतु सहकारात एका सभासदास एकच मत असते. कंपनीत जितके भाग तितकी मते. कोचीच्या भागधारकांची संख्या वीस हजारांपलीकडे गेली, तरी मतांचे वजन शासन आणि मोजके धनाढ्य उद्योजक यांच्याकडेच राहिले. आखातात मजुरी करून शंभर-दोनशे भाग घेतलेल्या माणसास लाभांश मिळतो, वार्षिक सभेचे निमंत्रण मिळते, आणि आपल्या विमानतळावर उतरल्याचे समाधान मिळते. धोरण ठरविण्याची संधी त्यास नाही. अर्थात सहकारातील एक मताने आपल्याकडे काय साधले व काय साधले नाही हेही सर्वज्ञात आहे. तो विषय येथे वाढवीत नाही.

२०२३ मध्ये कंपनीने विद्यमान भागधारकांस चार भागांमागे एक या प्रमाणात, प्रत्येकी ५० रुपये दराने हक्कभाग देऊन ४७८ कोटी रुपये उभे केले. यात राज्य शासनाचा हिस्सा किंचित वाढून ३३.३८ टक्के झाला. हक्कभाग घेण्यास ज्याच्यापाशी त्या वेळी पैसा नसतो, त्याचा हिस्सा घटतो. निवृत्त होऊन गावी परतलेल्या पहिल्या पिढीतील भागधारकाच्या बाबतीत हे घडणे अगदी संभाव्य आहे.

आकाशावर कोणाची सत्ता?

धावपट्टी, इमारत व दुकाने ही कंपनीची असली, तरी तेथे कोणत्या विमानांनी उतरावे हे कंपनी ठरवीत नाही. परदेशी विमान कंपन्यांचे उड्डाणहक्क दोन राष्ट्रांतील करारांवर अवलंबून असतात. भारत शासनाने एखादे शहर त्या कराराच्या यादीत घातले तरच परदेशी कंपनीस तेथे सेवा चालविता येते. मोठ्या विमानतळांवरील शुल्कदरही २००८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले केंद्रीय नियामक प्राधिकरण ठरविते.

याचा सर्वांत कटू अनुभव कण्णूरला आला. उत्तर केरळमधील कण्णूर विमानतळ ९ डिसेंबर २०१८ रोजी कोचीच्याच धर्तीवर सुरू झाला : राज्य शासन, सार्वजनिक उपक्रम, सहकारी बँका आणि अनिवासी भागधारक. धावपट्टी ३,०५० मीटरची, इमारत नवी, आखातात गेलेली कुटुंबे परिसरात गावोगाव. परंतु परदेशी कंपन्यांस उतरण्याची अनुमती केंद्राने दिली नाही. बिगरमहानगरी विमानतळांस ती द्यावयाची नाही असे धोरण पुढे करण्यात आले. परिणामी पहिल्या काही वर्षांत कंपनीला तोटा सोसावा लागला. ज्यांनी आपली बचत येथे घातली, त्यांच्या लाभांशाचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता, त्यांच्या राज्याच्या हातातही नव्हता. कोचीचे प्रतिरूप करू पाहणाऱ्यांनी ही बाब प्रथम लक्षात घ्यावी.

तिरुवनंतपुरमचा विमानतळ मुळात केंद्रीय प्राधिकरणाचा. २०१९ च्या निविदेत अदानी समूहाने प्रतिप्रवासी १६८ रुपये देऊ केले, तर केरळ शासनाच्या औद्योगिक विकास महामंडळाने १३५ रुपये. राज्यास विशेष सवलत म्हणून दहा टक्क्यांच्या आत फरक असल्यास प्राधान्य मिळणार होते. प्रत्यक्ष फरक १९.६४ टक्के निघाला. २०२० च्या ऑगस्टमध्ये विधानसभेने एकमुखाने विरोधाचा ठराव केला, शासन न्यायालयातही गेले. १४ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळ ५० वर्षांसाठी अदानी समूहाकडे गेला. एकाच राज्यात कोची आणि तिरुवनंतपुरम असे दोन नमुने त्यामुळे शेजारी-शेजारी उभे आहेत.

जमीन आणि पाणी

नेडुंबसेरी येथे सुमारे १,३०० एकर जमीन घेण्यात आली व ८२२ कुटुंबे हलविण्यात आली. त्यांस घरासाठी भूखंड देण्यात आले, तसेच विमानतळावरील रोजगारात व टॅक्सी परवान्यांत सामावून घेण्यात आले. नवी मुंबई विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांस विकसित जमिनीच्या रूपाने जो मोबदला मिळाला, त्याच्याशी तुलना करता कोचीत जमिनीपेक्षा उपजीविकेवर भर दिसतो. मात्र भागधारक दुबईत व विस्थापित नेडुंबसेरीत, हा भेद राहिलाच. 'स्थानिक' या शब्दाखाली हे दोघेही येतात, पण त्यांचे हितसंबंध एक नव्हेत.

पेरियार नदीच्या काठची ही सखल भातशेतीची जमीन होती. १५ ते २९ ऑगस्ट २०१८ या काळात महापुरामुळे विमानतळ बंद ठेवावा लागला. गंमत अशी की या काळात लहान विमाने पुन्हा विलिंग्डन बेटावरील त्याच जुन्या नौदल धावपट्टीवर उतरविली गेली, जिच्या अपुरेपणामुळे नेडुंबसेरीचा जन्म झाला होता. धावपट्टीमुळे ओढ्यांचे नैसर्गिक मार्ग अडल्याची आसपासच्या गावांची तक्रार त्यानंतर तीव्र झाली व कंपनीस पूरनियंत्रणाची कामे हाती घ्यावी लागली.

कोकणाच्या संदर्भात

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणानुसार परदेशातून येणाऱ्या रकमांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, तर केरळचा १९.७ टक्के आहे. तरीही आपल्याकडे कोचीसारखा प्रयोग झाला नाही. कोकण रेल्वेसाठी जनतेकडून पैसा घेण्यात आला तो रोख्यांच्या रूपाने. रोखेधारकास व्याज मिळते, मत नसते. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेला सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ खाजगी कंपनीने बांधला. महाराष्ट्राचा आकडा मुख्यत्वे मुंबई-पुण्याचा आहे, आणि तेथील माणसास विमानतळ अगोदरच जवळ आहे, हे याचे एक कारण असावे. केरळमधील स्थलांतरित जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेला होता. म्हणून तेथे चार विमानतळांची गरज भासली.

माहितीच्या अधिकाराचा वाद

कोचीच्या कंपनीचे स्वरूप सार्वजनिक की खाजगी, हा प्रश्न शेवटी माहितीच्या अधिकाराच्या निमित्ताने ऐरणीवर आला. आपण शासकीय कंपनी नसल्याने हा कायदा आपणांस लागू नाही, अशी कंपनीची भूमिका होती. राज्य माहिती आयोगाने २०१९ मध्ये ती अमान्य केली. केरळ उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने २०२२ मध्ये व खंडपीठाने २०२५ मध्ये आयोगाचेच मत उचलून धरले : मुख्यमंत्री जिचे अध्यक्ष आहेत व जिच्यावर शासनाचे प्रत्यक्ष नियंत्रण आहे, ती संस्था सार्वजनिक प्राधिकरणच होय. कंपनीचा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या निराधार नव्हता. मात्र जमीन घेताना व अनिवासींना भाग विकताना जी संस्था जनतेची असते, ती हिशेब विचारताच खाजगी होते, हे पटण्यासारखे नाही. कण्णूरच्या कंपनीनेही महालेखापरीक्षकांच्या लेखापरीक्षणास याच स्वरूपाचा आक्षेप घेतला होता.