अव्वल खेळाडूची जोखीम : गहुंजेच्या मैदानावरचा हिशेब

लिलावात किंवा ड्राफ्टमध्ये अव्वल खेळाडू घेणारा संघ दोन गोष्टींचे पैसे मोजतो : त्या खेळाडूचे कौशल्य आणि तो मैदानात उतरण्याची शक्यता. बोली चढते ती मात्र बहुधा पहिल्या गोष्टीवर. दुसरी गोष्ट हिशेबात घ्यायची राहून जाते आणि हंगाम संपल्यावर तिला नशिबाचे नाव दिले जाते. हे कसे घडते ते तपासायला मावळ तालुक्यातले गहुंजे हे गाव फार सोयीचे आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या येथील महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या मैदानाचे उद्घाटन १ एप्रिल २०१२ रोजी झाले. आयपीएलमधले पुण्याचे दोन संघ, आधी पुणे वॉरियर्स आणि नंतर रायझिंग पुणे सुपरजायंट, याच मैदानावर घरचे सामने खेळले. दोन्ही संघांनी मोठ्या नावांवर मोठा पैसा लावला. त्यांच्या अनुभवावर गावोगावच्या पारांवर आजही चर्चा होते आणि त्या चर्चेत काही चुकीच्या समजुती पक्क्या बसल्या आहेत.

गैरसमज : वरचा क्रमांक म्हणजे कमी जोखीम

लिलावात ज्याची बोली मोठी त्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने निवड करतात. आयपीएलमध्ये असा ड्राफ्ट डिसेंबर २०१५ मध्ये झाला. चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित होते, त्यांच्या जागी पुणे आणि राजकोट हे संघ आले आणि निलंबित संघांचे खेळाडू त्यांना वाटून घ्यायचे होते. पहिली निवड पुण्याची होती. पुण्याने महेंद्रसिंह धोनीला घेतले, राजकोटने सुरेश रैनाला. त्यानंतर अजिंक्य रहाणे, रविचंद्रन अश्विन, स्टीव्ह स्मिथ आणि फाफ डू प्लेसी या क्रमाने पुण्याची निवड पूर्ण झाली.

प्रत्येक क्रमांकाची किंमत आधीच ठरलेली होती : साडेबारा कोटी, साडेनऊ, साडेसात, साडेपाच आणि चार. म्हणजे किंमत खेळाडूला चिकटलेली नव्हती, क्रमांकाला चिकटलेली होती. पाच जणांवर ३९ कोटी गेले. संघाकडे एकूण ६६ कोटी होते, त्यातले २७ कोटी उरले आणि त्यांत बाकीचा सगळा संघ उभा करायचा होता. ड्राफ्टची खरी जोखीम इथे आहे. पहिली निवड चुकीची नसतानाही वरच्या चार-पाच जागांवर सगळा भार पडतो आणि त्यातले एक-दोघे बाजूला झाले की खाली आधार उरत नाही.

२०१६ च्या हंगामात तेच झाले. रहाणेने ४८० धावा करून आपला वाटा उचलला. अश्विनला १४ सामन्यांत १० बळी मिळाले. स्मिथने २९ एप्रिलला गहुंजेतच गुजरात लायन्सविरुद्ध शतक केले आणि काही दिवसांत मनगटाच्या दुखापतीमुळे तो मायदेशी परतला. डू प्लेसीच्या बोटाचे हाड मोडले, केव्हिन पीटरसनची पोटरी दुखावली, मिचेल मार्शच्या बरगडीकडचा स्नायू ताणला गेला. आयपीएलमध्ये अंतिम अकरांत चारच परदेशी खेळाडू चालतात. पुण्याने ज्या चौघांवर भिस्त ठेवली होती ते चौघेही हंगाम अर्धवट सोडून गेले. आठ संघांत पुणे सातवे आले, १४ पैकी पाच सामने जिंकून.

गैरसमज : दुखापत म्हणजे निव्वळ दुर्दैव

काही वेळा हे अगदी खरे असते. जानेवारी २०११ च्या लिलावात पुणे वॉरियर्सने युवराज सिंगला १८ लाख डॉलरना घेतले. त्याच वर्षी तो विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याला कर्करोग झाल्याचे जाहीर झाले आणि गहुंजेतला पहिलाच हंगाम त्याच्याविना गेला. १६ सामन्यांत चार विजय मिळवून संघ तळाला राहिला. युवराजचे आजारपण कोणत्याही कागदावर आधी मांडता आले नसते. त्यासाठी संघाच्या पारखीला दोष देणे अन्यायाचे आहे.

मात्र प्रत्येक अनुपस्थिती अशी नसते. तीन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिला, युवराजसारखा, ज्याचा अंदाज येत नाही. दुसरा, ज्याची शक्यता दिसत असते : पस्तिशीतला फलंदाज, वेगवान गोलंदाज, किंवा फलंदाजी आणि वेगवान गोलंदाजी दोन्ही करणारा अष्टपैलू, ज्याच्या शरीरावर दुप्पट ताण असतो. पीटरसन २०१६ मध्ये ३५ वर्षांचा होता. मार्श पुढच्या वर्षी खांद्यामुळे संपूर्ण हंगाम खेळलाच नाही. बेन स्टोक्सच्या गुडघ्याचे दुखणे सर्वांना ठाऊक असताना चेन्नईने २०२३ च्या हंगामासाठी त्याला सव्वासोळा कोटींना घेतले. तो दोन सामने खेळला आणि त्याच्या १५ धावा झाल्या.

तिसरा प्रकार सर्वांत सोपा, तरीही सर्वांत दुर्लक्षित असतो : वेळापत्रक. २०१७ मध्ये रायझिंग पुणेने स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतले. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये १ जूनपासून चॅम्पियन्स करंडक होता आणि त्याआधी दक्षिण आफ्रिकेशी मालिका होती. या तारखा आधीच ठरलेल्या होत्या. साखळी सामने संपताच स्टोक्स गेला, बाद फेरीत तो नव्हता. इथे नशिबाचा काही संबंध नाही. संघाने साखळी फेरीपुरता खेळाडू घेतला होता आणि तसा विचार करूनच तो घ्यायला हवा.

गैरसमज : महागडे फसवतात, स्वस्तातलेच तारतात

या समजुतीला सर्वाधिक खतपाणी मिळाले ते २०१७ च्या पुणे संघामुळे. जयदेव उनाडकट ३० लाखांना घेतलेला, त्याने १२ सामन्यांत २४ बळी घेतले, हैदराबादविरुद्धची हॅट्‌ट्रिक त्यातच. महाराष्ट्राचा राहुल त्रिपाठी अवघ्या १० लाखांचा, त्याने ३९१ धावा केल्या आणि ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध ५२ चेंडूंत ९३ धावांची खेळी केली. एवढ्यावरून मोठ्या बोलीत अर्थ नाही असा निष्कर्ष काढला जातो.

पण त्याच हंगामात साडेचौदा कोटींच्या स्टोक्सने १२ सामन्यांत ३१६ धावा आणि १२ बळी असा दुहेरी वाटा उचलला. १ मे रोजी गहुंजेत गुजरातविरुद्ध १६२ धावांचा पाठलाग करताना पुण्याचे तीन गडी १० धावांत गेले होते. तिथून स्टोक्सने नाबाद १०३ धावा करून सामना काढला. स्पर्धेतला सर्वांत मौल्यवान खेळाडू तोच ठरला. महागडा खेळाडू पैसे वसूल करून देतो त्याचे याहून ठळक उदाहरण गहुंजेने पाहिलेले नाही.

स्वस्तातल्या यशाचा भास होण्यामागे एक साधे कारण आहे. दहा-वीस-तीस लाखांना घेतलेले कितीतरी खेळाडू दर हंगामात बाकावरच बसतात. त्यांचे अपयश कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण त्यांच्याकडून अपेक्षाच नसते. उनाडकट लक्षात राहतो, त्याच्यासारखेच घेतलेले इतर विसरले जातात. एका यशस्वी नावावरून सगळ्या स्वस्त खेळाडूंबद्दल मत बनवणे म्हणजे फक्त उगवलेली रोपे मोजून बियाणे उत्तम ठरवण्यासारखे आहे.

उनाडकटची पुढची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. २०१८ च्या लिलावात राजस्थानने त्याला साडेअकरा कोटी दिले. त्या हंगामात १५ सामन्यांत त्याला ११ बळी मिळाले. गोलंदाज तोच होता, एका वर्षात त्याचे कौशल्य आटले नव्हते. ३० लाखांना ११ बळी म्हणजे चांगला सौदा ठरला असता, साडेअकरा कोटींना तो तोट्याचा झाला. जोखीम किंमतीबरोबर वाढते. आदल्या हंगामातला कळस हीच खेळाडूची नेहमीची पातळी समजून बोली लावली की तोटा जवळपास ठरलेला असतो, कारण कळसानंतरचा हंगाम बहुधा सरासरीकडे झुकतो.

उलट बाजूही पुण्याने अनुभवली. २०११ च्या लिलावात ख्रिस गेलवर कुणीच बोली लावली नाही. हंगाम सुरू झाल्यावर बंगळुरूने त्याला बदली म्हणून घेतले आणि ६०८ धावा करून तो स्पर्धेत अव्वल ठरला. २३ एप्रिल २०१३ रोजी त्याने नाबाद १७५ धावा केल्या, त्या पुणे वॉरियर्सविरुद्ध.

गैरसमज : खेळाडू गेला म्हणजे त्याचे सगळे योगदान गेले

मोठा खेळाडू जायबंदी झाला की त्याच्या सगळ्या धावा वजा केल्या जातात. हिशेब असा होत नाही, कारण त्याच्या जागी कुणीतरी खेळतोच. समजा एक फलंदाज सामन्याला सरासरी ३५ धावा करतो आणि त्याच्या जागी येणारा २२. पहिला फलंदाज १४ ऐवजी आठच सामने खेळला तर सहा सामन्यांत प्रत्येकी १३ म्हणजे ७८ धावांचे नुकसान होते. ढोबळ मोजणीत ते २१० धावांचे वाटते. म्हणून अव्वल खेळाडूची जोखीम तोलताना त्याच्या मागे कोण उभा आहे हे आधी पाहावे लागते.

रायझिंग पुणेच्या २०१७ च्या हंगामाने हे दाखवून दिले. अश्विन हर्नियामुळे संपूर्ण हंगाम बाहेर होता. त्याच्या जागी १७ वर्षांचा वॉशिंग्टन सुंदर आला आणि वानखेडेवर मुंबईविरुद्धच्या पहिल्या क्वालिफायरमध्ये १६ धावांत तीन बळी घेऊन सामनावीर ठरला. मार्शच्या जागी आलेला इम्रान ताहिर लिलावात विकलाच गेला नव्हता. त्याने १८ बळी घेतले. फिरकीपटूला बदली मिळण्याजोगी होती. स्टोक्ससारख्या अष्टपैलूला मात्र तशी बदली नसते. तो गेला की एक फलंदाज आणि एक गोलंदाज एकदम जातात, आणि अकरांत जागा एकच मोकळी होते. २१ मे रोजी अंतिम सामन्यात मुंबईच्या १२९ धावांसमोर पुणे १२८ वर थांबले. स्टोक्स असता तर निकाल फिरला असता असे छातीठोकपणे सांगता येत नाही, पण एका धावेच्या फरकात ती उणीव लहान मानता येत नाही.

गैरसमज : घरचे मैदान तरी हक्काचे असते

एखाद्या खेळपट्टीवर चालणारा खेळाडू वरच्या किमतीला घेताना तिथे किती सामने होतील हे गृहीत धरलेले असते. २०१६ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळ होता. मैदानांवर लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश झाला. १ मे रोजीचा मुंबईविरुद्धचा सामना तेवढा गहुंजेत होऊ दिला, त्यानंतर पुण्याचे घर विशाखापट्टणम झाले. तिथे ३० लाखांच्या अॅडम झॅम्पाने हैदराबादविरुद्ध १९ धावांत सहा बळी घेतले, तरी पुणे चार धावांनी हरले.

मावळात दुसरे टोक पावसाचे. महाराष्ट्र प्रीमिअर लीग २०२३ पासून जूनमध्ये गहुंजेत खेळवली जाते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यापेक्षा इथे पाऊस बराच कमी असला तरी सामने पूर्ण होतीलच अशी खात्री नसते. षटके कमी झाली की एका गोलंदाजाला मिळणारी षटकेही कमी होतात, कारण त्याचा वाटा एकूण षटकांच्या पाचव्या हिश्शाइतका असतो. सलामीच्या फलंदाजाला तेवढा फटका बसत नाही. जूनमधल्या स्पर्धेत सारख्याच किमतीचा गोलंदाज म्हणूनच जास्त जोखमीचा.

गैरसमज : काही सामन्यांवरून बोली बरोबर की चूक ते कळते

मिचेल स्टार्कला २०२४ साठी कोलकात्याने पावणेपंचवीस कोटींना घेतले. पहिल्या दोन सामन्यांत आठ षटकांत १०० धावा आणि बळी एकही नाही. टीकेची झोड उठली. अंतिम सामन्यात १४ धावांत दोन बळी घेऊन तोच सामनावीर ठरला. ऋषभ पंतने २७ कोटींच्या विक्रमी बोलीनंतर २०२५ मध्ये १४ सामन्यांत २६९ धावा केल्या आणि त्यातल्या ११८ शेवटच्या एका डावात. आयपीएलचा साखळी हंगाम १४ सामन्यांचा असतो. त्यात एका डावाने सरासरी उलटीपालटी होते.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. चाहत्यांनी काल्पनिक संघ बांधण्याचा खेळ तिथे १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी रुजवला. लिलावातून २६० डॉलरमध्ये २३ खेळाडू घ्यायचे. एवढ्या लांब हंगामात चार वाईट आठवडे भरून निघतात, त्यामुळे तिथे उपलब्धतेची जोखीम सर्वांत मोठी ठरते. क्रिकेटच्या आखूड हंगामात तिच्या जोडीला निव्वळ चढउताराची जोखीमही येते. भारतात रुळलेली फँटसी क्रिकेटची रीत एका सामन्याची होती. त्यात नाणेफेकीनंतर अकरा जण जाहीर होत, म्हणून उपलब्धतेची जोखीम जवळपास संपायची. कर्णधाराचे गुण दुप्पट धरले जात. तिथे बहुतेकांनी निवडलेला अव्वल खेळाडू चालला तरी फायदा सर्वांनाच होई आणि पुढे कुणीच जात नसे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केल्यावर अशा सशुल्क स्पर्धा कंपन्यांनी थांबवल्या.

लिलाव मात्र गावपातळीवर जोरात आहेत. टेनिस बॉलच्या अनेक स्थानिक लीगमध्ये संघमालकांना ठरावीक पॉइंट दिले जातात आणि त्यांतून बोली लावून संघ बांधावा लागतो. इथेही अर्धे पॉइंट एका नामांकित फलंदाजावर घालण्याचा मोह होतो. त्याची पहिली चौकशी धावांची नसावी, तारखांची असावी : एकाच रविवारी दुसऱ्या गावची स्पर्धा आहे का, नोकरीची पाळी कोणती, आणि सामना पुढे ढकलला गेला तर तो येऊ शकेल का. त्यानंतर त्याच्या जागेवर खेळू शकणारा दुसरा कोण उरला आहे ते पाहावे. तसे दोघे-तिघे अजून बोलीत असतील तर मोठी बोली टाळता येते. तो एकटाच असेल आणि सगळे सामने खेळणार असेल, तर पॉइंट राखून ठेवण्यात शहाणपण नाही. न वापरलेले पॉइंट लिलाव संपल्यावर काही कामाचे राहत नाहीत.