पिल्लू नेलं कोणी?

अंगणातलं पिल्लू दिसेनासं झालं की बालाघाटावरच्या वस्त्यांवर पहिलं नाव निघतं ते घारीचं. ती डोक्यावर घिरट्या घालताना सगळ्यांना दिसते, म्हणून आळही तिच्यावरच येतो. पाटोदा, आष्टी, धारूरच्या डोंगरकडेला कोंबड्या सांभाळायच्या तर लक्ष ठेवावं लागतं ते सहसा नजरेला न पडणाऱ्यांवर. मुंगूस भरदिवसा फिरतं, रानमांजर तिन्हीसांजेला बांधाच्या कडेने येतं, कोल्हा रात्रीचा, आणि मोकाट कुत्र्यांना तर वेळकाळच नाही. चोर कोण हे कळल्याशिवाय केलेला बंदोबस्त वाया जातो. जाळी आकाशाकडे आणि चोर भिंतीखालून, असं होतं.

म्हणून आधी खुणा बघायच्या. दिवसाउजेडी एखादं पिल्लू गेलं, मागे पीस नाही, रक्त नाही, तर घार, शिकरा, कावळा नाहीतर शेजारचं मांजर. एकाच जागी उपटलेल्या पिसांचा सडा आणि छातीचं मांस खाल्लेलं असेल तर काम शिकारी पक्ष्याचं. मोठी कोंबडी रात्रीतून अख्खी नाहीशी झाली आणि पिसं बांधाकडे सांडत गेलेली दिसली तर कोल्हा किंवा रानमांजर. मानेशी खोल चावा आणि बाकी अंग बरंचसं शाबूत, हे बहुतेकदा मुंगसाचं. पाच-सहा कोंबड्या नुसत्या मारून इकडेतिकडे टाकलेल्या असल्या तर कुत्री. अंडी टरफलासकट गेली तर सापाचा संशय घ्यावा, कारण तो ती अख्खी गिळतो. टरफलं फुटून पडलेली असतील तर मुंगूस किंवा कावळा.

आकाशातून येणारे दोघे मुख्य, आणि त्यांची रीत अगदी निराळी. घार उंचावरून फिरत मोकळी जागा हेरते आणि सूर मारून पिल्लू उचलते. तिच्या पंजात फार ताकद नसते, वाढलेल्या कोंबडीच्या वाटेला ती जात नाही. शिकरा पारव्याएवढा. तो आंब्याच्या किंवा लिंबाच्या दाट फांदीत मुकाट बसतो आणि झाडांमधून खालच्या खाली झेपावतो, त्यामुळे तो आला हे कळेपर्यंत गेलेला असतो. दोघांचाही भर पिल्लांवर. पिल्लं दोन महिन्यांची झाली की हे भय बरंच कमी होतं. घारींची घरटी हिवाळ्यापासून, शिकऱ्याची उन्हाळ्यात. स्वतःची पिल्लं पोसायची असतात तेव्हा त्यांची नजर अंगणाकडे जास्त वळते. पोळ्याच्या सुमारास खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली तर २१ दिवसांनी पिल्लं निघतात आणि घरट्यांचे दिवस सुरू होईपर्यंत चांगली मोठी झालेली असतात. उन्हाच्या तडाख्यातूनही ती सुटतात.

पहिला पहारेकरी मात्र कोंबडीच. १९९३ साली इव्हान्स दांपत्य आणि पीटर मार्लर या संशोधकांनी कोंबड्यांना धोक्याच्या हाकांचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. आकाशातल्या शत्रूची हाक ऐकून कोंबड्या आडोशाला पळाल्या, दबून बसल्या आणि वर पाहू लागल्या. जमिनीवरच्या शत्रूची हाक ऐकून त्या मान ताठ करून चौफेर पाहू लागल्या. समोर शत्रू नव्हताच, नुसता आवाज होता. म्हणजे एका हाकेचा अर्थ 'वर बघा', दुसरीचा 'आजूबाजूला बघा', आणि तो अर्थ कळपाला समजतो. अंगणात काम करणाऱ्यानेही हे दोन आवाज कानात बसवून घ्यावेत. कॉक्-कॉक्-कॉक् असा लांबत जाणारा कलकलाट ऐकू आला तर कुंपणाकडे धावायचं, आभाळाकडे बघत बसायचं नाही.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी डालग्यासारखी दुसरी सोय मला माहीत नाही. तुराट्यांचं किंवा बांबूच्या कामट्यांचं हे डालगं पालथं घालून कोंबडी आत डालायची. कामट्यांमध्ये दोन-दोन बोटांच्या फटी असतात. कोंबडीला बाहेर येता येत नाही, पिल्लं मात्र त्यातून सहज ये-जा करतात. ती हातभर अंतरावर दाणे टिपतात आणि आईने हाक दिली की त्याच फटींतून आत शिरून तिच्या पंखाखाली जातात. घारीला ती फट पुरत नाही, कावळ्यालाही नाही. कुत्र्याने उलथवू नये म्हणून वर दगड ठेवायचा, आत उथळ परळात पाणी, आणि डालगं रोज थोडं सरकवायचं म्हणजे खाली ताजी माती मिळते. रात्री मात्र ह्याच फटी घातक. मुंगूस नसलं तरी साप आणि घूस आत येतात, म्हणून दिवेलागणीला आईसकट पिल्लं घरात घ्यायची.

आईविना वाढलेल्या पिल्लांचं काय, हा प्रश्न आता मोठा झालाय. सरकारी योजनेतून २५ तलंगा आणि ३ नर असा गट मिळतो किंवा एक दिवसाची १०० पिल्लं मिळतात. वनराज, गिरिराज अशा जाती यंत्रात उबवलेल्या असतात, दिव्याखाली वाढलेल्या असतात. हाक ऐकून कुठे पळायचं हे दाखवायला आई नसते. अशी पिल्लं आणल्या दिवशी मोकळी सोडू नयेत. दोन महिन्यांपर्यंत जाळीत ठेवावीत आणि नंतर घरच्या दोन-तीन जाणत्या गावरान कोंबड्यांसोबत बाहेर काढावीत.

मोकळ्या अंगणात आडोसा हवा, आणि तो बुटका हवा. सीताफळ याला उत्तम. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे आणि बालाघाटाच्या उतारावर ते आपसूक वाढतं. त्याच्या खालच्या फांद्या जमिनीलगत पसरतात, कोंबड्या झटकन खाली शिरतात, झडप घालणाऱ्या पक्ष्याला मात्र पंख पसरायला जागा मिळत नाही. झाड नसेल तर चार मेढी रोवून त्यावर पऱ्हाट्यांचा बुटका मांडव घातला तरी चालतं. अंगणात कुठूनही दहा-बारा पावलांत आडोसा गाठता यावा.

चमकणाऱ्या पट्ट्या, जुन्या सीडी, बुजगावणं हे ज्वारीच्या शेतात चार दिवस उपयोगी पडतं तसंच इथेही. पक्षी लवकर सरावतात, म्हणून जागा बदलत राहावी. केनियात काही ठिकाणी पिल्लांना गुलाबी-जांभळा रंग लावतात, तोही याच जातीचा उपाय. जाळी टाकायची तर जाड सुताची, आणि ताणून बांधावी. धरणावरची टाकून दिलेली बारीक नायलॉनची मासेजाळी फुकट मिळते, पण सैल लोंबली तर तीत धामण, घुबड, कधी आपलंच कोंबडं अडकून मरतं.

रात्रीचा सगळा खेळ खुराड्याचा. ते जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असावं, नाहीतर तळाला फरशी घालावी. षटकोनी भोकांची नेहमीची कोंबडी-जाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, तो ती दातांनी फाडतो. अर्धा इंच भोकांची वेल्डमेश महाग पडते, पण घूस, मुंगूस आणि बहुतेक साप तिच्याबाहेर राहतात. सगळ्या भिंतींना परवडत नसेल तर निदान खालचे दोन फूट आणि हवेच्या खिडक्या तिच्या कराव्यात. जाळी भिंतीशीच संपवू नये. दीड फूट बाहेर जमिनीवर आडवी पसरून वर माती-दगड टाकावेत. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी कडेला उकरतं आणि तिथे त्याच्या पंजांना तार लागते. मागे सरून दीड फूट लांबून उकरावं हे त्याला सुचत नाही. दाराला नुसता आकडा नको, खिळीचा बोल्ट हवा. आणि सकाळी तांबडं फुटताच दार उघडायची घाई करू नये. त्या वेळी कोल्हा आणि रानमांजर परतीच्या वाटेवर असतात.

चिडून मेलेल्या कोंबडीत विष घालणारे लोक आहेत. ते विष कुत्रं खातं, घार खाते, कावळा खातो, आणि नायगावच्या मयूर अभयारण्याच्या जिल्ह्यात मोरापर्यंतही पोहोचू शकतं. घार, शिकरा, मुंगूस, रानमांजर या सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय शेतातले उंदीर खाणारी हीच मंडळी आहेत. कोंबडी गेल्याचा राग मला समजतो, विषाचं समर्थन मला जमत नाही.

बीडमध्ये आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या आसपास हजारो कुटुंबं ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि वस्तीवर म्हातारी माणसंच उरतात. माणसांचा वावर कमी झाला की जनावरं अंगणापर्यंत येतात. अशा घरांनी जाण्याआधी नर विकून कळप आजीला आवरेल एवढाच ठेवावा, आणि खुराडं तिच्या दाराला लागून आणावं. परसाच्या टोकाला असलेलं खुराडं रात्री ऐकूही येत नाही.

एकदा शिकार साधली की जनावर बहुधा त्याच वेळी, त्याच वाटेने पुन्हा येतं. म्हणून घटनेनंतर तीन-चार दिवस कोंबड्या डालूनच ठेवाव्यात आणि तेवढ्यात ती वाट बुजवावी. जाळीत साप, घार किंवा रानमांजर अडकलेलं सापडलं तर स्वतः हात घालू नये. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फुकट लागतो.