सोनं उकरणारी मुंगी

कोल्ह्यापेक्षा मोठी, कुत्र्यापेक्षा जराशी लहान आणि माणसाचा वास लागताच झेपावणारी मुंगी! हिंदुस्थानच्या उत्तरेकडच्या वाळवंटात ती राहते, असं हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवलं. ती बीळ खणते आणि उकरलेल्या वाळूत सोनं असतं. भर उन्हात मुंग्या बिळात दडल्या की लोक पोती भरतात आणि उंटांवरून धूम ठोकतात. दोन उंटांच्या मधे नुकतीच व्यालेली सांडणी हवीच. नर दमतात, पण घरी राहिलेल्या पिलाच्या ओढीने ती पाय मंद करत नाही.

पुढे सिकंदराचा आरमारप्रमुख निआर्कस याने या मुंग्यांची कातडी पाहिल्याचं सांगितलं. ती बिबट्याच्या कातड्यासारखी होती म्हणे. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थनीसने त्यांचा ठावठिकाणा डोंगराळ दरद लोकांच्या मुलखात दिला. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिदोरने तर त्यांना थेट इथिओपियात नेऊन सोडलं.

मला या सगळ्यांहून महाभारत अधिक भरवशाचं वाटतं. राजसूय यज्ञात युधिष्ठिराला मिळालेल्या नजराण्यांची यादी दुर्योधन जळफळत धृतराष्ट्राला ऐकवतो. त्यात खश वगैरे डोंगरी लोकांनी आणलेलं, द्रोणाच्या मापाने मोजलेलं ‘पिपीलिक’ सोनं आहे. मुंग्यांनी काढलेलं, एवढंच. ना अजस्र देह, ना पाठलाग. ऐकणाऱ्याला हा माल ओळखीचा असावा, अशा सहजतेने तो उल्लेख येतो.

फ्रेंच प्रवासी-अभ्यासक मिशेल पेसेल याने 1984 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याचा उलगडा मांडला. सिंधूच्या वरच्या खोऱ्यातल्या मिनारो लोकांचे पूर्वज मार्मोटच्या बिळांबाहेरची माती गोळा करून तिच्यातलं सोनं काढत, असं त्याला तिथे सांगण्यात आलं. लडाखला गेलेल्यांनी हा गुबगुबीत, तपकिरी प्राणी पाहिला असेल. मागच्या पायांवर उभा राहतो, धोका दिसला की शीळ घालतो. हिवाळाभर झोपायचं असल्याने त्याला खोल बीळ लागतं, आणि खालची माती वर येते ती त्यामुळेच.

पेसेलचा उलगडा मला पटतो. वाळवंट आणि उंट मात्र त्यात बसत नाहीत. ते वाटेतल्या कुणीतरी जोडले असावेत. मार्मोट गवत खातो, माणूस जवळ आला की बिळात शिरतो. त्याला नरभक्षक ठरवण्यात फायदा होता तो सोनं विकणाऱ्यांचा. घाबरलेलं गिऱ्हाईक खाणीपर्यंत पोचत नाही आणि भावातही घासाघीस करत नाही.