घरगुती भारव्यायामासाठी साधनांची निवड

स्नायूंची शक्ती वाढवावयाची असेल तर त्यांच्यावर सवयीपेक्षा थोडा अधिक भार घालावा लागतो. आणि तो भार अंगवळणी पडला म्हणजे त्यात पुन्हा थोडी भर घालावी लागते. भारव्यायामाचे सारे शास्त्र या नियमावर उभे आहे. रोज वासरू उचलता उचलता अखेर पूर्ण वाढलेला बैल उचलणाऱ्या मायलो या ग्रीक मल्लाची आख्यायिका हाच नियम सांगते. अमेरिकन सैन्यातील वैद्य टॉमस डिलॉर्म यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दुर्बल झालेले स्नायू क्रमाने वाढत्या भाराने कसे सुधारतात, हे दाखविले. घरासाठी साधने निवडतानाही हीच कसोटी लावावयास हवी.

महाराष्ट्रातील जुन्या तालमींत भाराची साधने होतीच. मुद्गल, करेला, दगडी गोटी व नाल ही त्यांतील प्रमुख होत. परंतु दगडाचे वजन वाढविता येत नाही. समजा, एक गोटी ४० किलोची व दुसरी ६० किलोची आहे. तर पहिलीवरून दुसरीवर जाताना भार एकदम दीडपट होतो. मधल्या वजनाचे दगड तालमीत असू शकत, आणि कोणी काय उचलावे हे पाहावयास वस्तादही असे. घरातील एका खोलीत यांपैकी काहीच नसते.

भीमाकाठच्या मांडवगण फराट्यासारख्या गावात घरी व्यायामशाळा मांडू इच्छिणाऱ्याने आरंभी आपल्याजवळ काय आहे, याचा हिशेब घ्यावा. जोर व बैठका यांना पैसा लागत नाही. जोरांनी छाती, खांदे व दंड यांना, तर बैठकांनी मांड्यांना व्यायाम घडतो. उणीव राहते ती ओढण्याच्या व्यायामाची. तालमीत ही उणीव प्रत्यक्ष कुस्तीने व हौद्यातील माती फावड्याने खणण्याने भरून निघे; घरी ती साधनाने भरून काढावी लागते. म्हणून पहिले साधन म्हणजे लोंबकळून अंग वर ओढण्यासाठी आडवी दांडी. ती भक्कम तुळईला किंवा भिंतीत पक्की बसवावी; पत्र्याचे छप्पर पेलणाऱ्या हलक्या नळीला तिचा आधार कदापि देऊ नये.

दुसरे साधन म्हणजे पोलादी दांडी व तिच्यावर चढवावयाच्या लोखंडी चकत्या. १०, ५, २.५ व १.२५ किलोच्या प्रत्येकी दोन, अशा आठच चकत्या घेतल्या तरी नुसत्या दांडीपासून तिच्यावर ३७.५ किलोंपर्यंत दर २.५ किलोंच्या अंतराने सोळा निरनिराळे भार तयार होतात. प्रत्येक चकती आधीच्या चकतीच्या दुप्पट असल्यामुळे हे साधते. तेवढ्या कामासाठी तालमीला सोळा दगड लागले असते. अर्ध्या किलोच्या आणखी दोन चकत्या असल्यास एकाच किलोची भरही घालता येते. वीस किलो उचलणाऱ्याला अडीच किलोंची भर म्हणजे साडेबारा टक्के वाढ होय. नवशिक्याला ती जड जाते.

दांडीचे स्वतःचे वजन हिशेबात धरावयास पुष्कळजण विसरतात. २८ मिलिमीटर व्यासाची भरीव पोलादी दांडी दर मीटरला सुमारे ४.८ किलो भरते. दीड मीटर लांबीची दांडी म्हणजे सव्वासात किलो. ती व वरील दहाही चकत्या मिळून सुमारे ४६ किलो होतात. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीहून किंचित अधिक. स्पर्धेतील पुरुषांची दांडी २० किलोंची व स्त्रियांची १५ किलोंची असते. आरंभी तिची गरज नाही. जुन्या चकत्या घेण्यास हरकत नाही, मात्र त्या धान्याच्या काट्यावर तोलून घ्याव्यात. त्यांवर कोरलेला आकडा खरा असेलच असे नाही, आणि दोन्ही बाजूंचे वजन सारखे नसेल तर कंबरेवर तिरपा ताण येतो.

या दांडीने जमिनीवरून भार उचलणे, वाकून तो पोटाकडे ओढणे व उभ्याने डोक्यावर ढकलणे हे तिन्ही व्यायाम होतात, आणि त्यांस अन्य सामग्री लागत नाही. बाकाची खरेदी शेवटी करावी. बाकावर उताणे पडून दांडी वर ढकलताना हात थकले तर ती छातीवर वा गळ्यावर अडकते. एकट्याने व्यायाम करणाऱ्याच्या बाबतीत हे प्राणावर बेतू शकते. छातीच्या पातळीच्या किंचित खाली, दोन्ही बाजूंस दांडी अडविणारे आधार असल्याशिवाय हा व्यायाम घरी करू नये. तोपर्यंत जोर पुरेसे आहेत. गावातील वेल्डिंगच्या दुकानात असे आधार करवून घेता येतात. पण प्रथम त्यांवर उचलावयाच्या भाराहून बराच अधिक भार ठेवून पाहावा. चकत्या घसरू नयेत म्हणून कड्या घट्ट बसविणे हेही तितकेच आवश्यक आहे. शहाबादी फरशी आघाताने तडकते, तेव्हा खाली जाड रबर अंथरावे. पावसाळ्यात लोखंड पुसून त्यास तेलाचा हात द्यावा.

साधने आली म्हणजे व्यायाम आपोआप घडेल, हा समज मात्र टाळावा. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ साली युजेन सँडोची पुस्तके व साधने मागविली आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम नेमाने केला; पुढे १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले. साधन बदलले, नेम बदलला नाही. शेतकरी कुटुंबाने उसाच्या बिलातून मोठी यंत्रे घेऊन ती कोपऱ्यात गंजू देण्यापेक्षा आधी दोन-तीन महिने जोर-बैठकांचा नेम पाळावा, नंतर आडवी दांडी, मग चकत्या, आणि बाक सर्वांत शेवटी, हा क्रम हिताचा. हा व्यायाम केवळ मल्लांचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सर्व प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला आहे. घरातील स्त्रिया व वडीलधारी माणसे यांनाही सव्वासात किलोंच्या नुसत्या दांडीपासून, आणि तीही जड वाटल्यास एकाच चकतीपासून, आरंभ करता येईल.